कोणी केलं?

सकाळी ६.१०

चहा होईपर्यंत फोन हातात घेऊ नये असं मी सगळ्यांना सांगते आणि स्वतः घेते. रात्री पावणेबाराला आलेला मेसेज आहे: ‘मॅडम, उद्या अकराला बीकेसीत इंटरव्ह्यू. झोप येत नाही. टेल मी अबाउट युवरसेल्फला काय सांगू?’ बारा वर्षं नोकरी केलेली ही मुलगी, दुसऱ्याच्या चाळीस मीटिंगांची तयारी डोळे मिटून करेल. स्वतःच्या एका मीटिंगसाठी रात्र जागते आहे.

मी ३१ वर्षं सेक्रेटरी होते. पाटी बदलत गेली: स्टेनो-टायपिस्ट, सेक्रेटरी, पर्सनल सेक्रेटरी, आणि शेवटची नऊ वर्षं एक्झिक्युटिव्ह असिस्टंट. टेबल साधारण तेच, साहेब तीन. निवृत्त झाल्यावर ठाण्यात, नौपाड्यातल्या घराच्या बाहेरच्या खोलीत इंटरव्ह्यूची तयारी करून घेते, फक्त ई.ए. लोकांची. आलेल्यांची नावं इथे येणार नाहीत. सवय सुटत नाही.

७.०५

फोन लावला. तिकडे कुकरची शिट्टी, मागे मुलाची ‘माझा मोजा कुठाय’. डोंबिवलीतली सकाळ.

‘सांग, काय करतेस?’

‘साहेबांचं कॅलेंडर बघते. ट्रॅव्हल बघते. एक्स्पेन्सेस बघते. गेस्ट बघते.’

‘सिनेमा बघतात. तू काय करतेस?’

ती हसली, मग गप्प झाली. या ‘बघते’वर माझा राग आहे. साहेब निर्णय घेतात, फायनान्सवाले हिशेब करतात, सेल्सवाले ऑर्डर आणतात आणि आमच्या बायका बघतात. इंग्रजीत बोलायला लागल्या की त्याचंच ‘लुकिंग आफ्टर’ होतं. समोरच्या माणसाला वाटतं, खिडकीशी बसून बघत असेल.

तिला तीनच गोष्टी सांगायला लावल्या. कोणाच्या खुर्चीसाठी काम करतेस. त्या खुर्चीला किती जण किती दिशांनी ओढतात. आणि तू रजेवर गेलीस तेव्हा काय अडलं. तिसऱ्यावर ती लगेच बोलली. मागच्या मे महिन्यात ती दहा दिवस गावी गेली. त्या दहा दिवसांत साहेबांची दोन विमानं पुन्हा बुक करावी लागली, आणि एका मोठ्या डीलरला तासभर लॉबीत बसवून परत पाठवलं गेलं. ‘हे सांगायचं? म्हणजे मी साहेबांची तक्रार केल्यासारखं नाही का होणार?’ नाही होणार. डीलरचं नाव गाळ, साहेबांचा वैताग गाळ. दहा दिवस आणि दोन विमानं ठेव.

कुकरची चौथी शिट्टी झाली तेव्हा मी फोन ठेवला.

९.००

अंधेरीची आली, पाच मिनिटं आधी. ई.ए. लोक पाच मिनिटं आधीच येतात, त्यांच्यात उशिरा आलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. कंपनीचं मुख्य ऑफिस दुसऱ्या शहरात चाललंय, साहेब जाणार, हिला जाणं शक्य नाही. महिनाअखेर शेवटचा दिवस.

सीव्ही दोन पानांचा. लाल पेन्सिलीने ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ मोजले. अकरा. जबाबदारी होती हे कळलं, ती पार पडली की नाही याचा दोन पानांत पत्ता नाही. तो कागद बाजूला ठेवून मी म्हटलं, मराठीत सांग, मागच्या वर्षभरात काय झालं?

‘मार्चमध्ये बोर्डाची ऑफसाइट झाली. मग साहेबांच्या व्हिसाचं झालं. डिसेंबरात फॉरेनचे गेस्ट होते, तेही नीट झालं.’

‘कोणी केलं?’

‘म्हणजे… झालं ना.’

पाऊस होतो, संध्याकाळ होते. व्हिसा आपोआप होत नाही. पण आपल्या घरांत मुलींना पहिल्यापासून हेच क्रियापद दिलेलं असतं. स्वयंपाक झाला का, भांडी झाली का, आवरून झालं का. करणारी वाक्यात नसतेच. ‘मी केलं’ म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, हो बाई, तूच केलंस सगळं. तीच मुलगी पुढे ऑफिसात बसते, ‘इट गॉट डन’ म्हणते आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याला कळत नाही की हिला घ्यायचं कशासाठी.

म्हणून माझ्याकडे पहिला तास हाच खेळ असतो. ती वाक्य बोलते, मी विचारते, कोणी केलं? चिडेपर्यंत विचारते. आज चिडायला वीस मिनिटं लागली, आणि चिडल्यावर जे बाहेर पडलं ते सोनं होतं.

तिच्या साहेबांचे दर मंगळवारी दोन कॉल असतात. एक लंडनशी, तिकडचा दुपारचा एक, आपले साडेसहा. दुसरा न्यूयॉर्कशी, तिकडचे सकाळचे नऊ, आपले साडेसात. हिवाळाभर सुरळीत. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपले साडेसहा, आणि लंडन अजून साडेसहालाच. दोन्ही कॉल एकाच चौकोनात येऊन बसतात. ऑक्टोबरअखेर इंग्लंड आधी मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तेव्हा एक आठवडा पुन्हा तीच गंमत.

‘मग?’

‘मग काय, मी फेब्रुवारीतच लंडनच्या असिस्टंटला फोन करते आणि ते मंगळवार तासभर अलीकडे घेते. साडेपाचला. शेवटच्या रविवारनंतर लंडन आपोआपच आपल्या साडेपाचला येतं. साहेबांना वाटतं, मार्चपासून लंडन साडेपाचला असतं.’

‘किती वर्षं करते आहेस?’

‘सात.’

‘साहेबांना माहीत आहे?’

‘नाही. त्यांना कशाला सांगायचं?’

मी पेन्सिल खाली ठेवली. दोन पानांत याचा एक शब्द नाही. तिथे आहे, ‘प्रोफिशियंट इन कॅलेंडर मॅनेजमेंट’.

आमच्या धंद्याची हीच गोची. काम चांगलं झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा दाखला कुठून आणायचा? शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. महाराजांनी पत्र लिहायला सांगितलेलं, गडबडीत लिहायचं राहिलं. महाराज म्हणाले वाचा, आणि चिटणिसांनी कोरा कागद हातात धरून पत्र घडाघडा वाचून दाखवलं. गोष्ट खरी किती ते इतिहासवाल्यांनी ठरवावं. मला तिच्यात दुसरंच दिसतं. त्या माणसाने आयुष्यभर किती पत्रं वेळेवर लिहिली असतील, त्यांतल्या एकाचीही गोष्ट झाली नाही. ज्या दिवशी लिहायचं राहिलं, त्या दिवसाची झाली.

अंधेरीच्या बाईंना गृहपाठ: सात वर्षांतल्या अशा न घडलेल्या दहा गोष्टी लिहून आणायच्या. प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू करायचं. ‘दहा?’ म्हणाल्या. दाराशी चपला घालता घालता तीन आठवल्या.

११.१५

चहा. आत्ता बीकेसीत तिचा इंटरव्ह्यू सुरू झाला असेल. मीच खोलीत फेऱ्या मारते आहे.

माझा पहिला इंटरव्ह्यू १९८६ सालचा, फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत. पिशवीत जीसीसीची सर्टिफिकिटं, टायपिंग चाळीस आणि शॉर्टहँड शंभर. साहेबांनी ‘बसा’ म्हणून दोन पत्रं सांगितली. मी पिटमनच्या रेघा ओढल्या. त्यात ‘प’ची रेघ बारीक आणि ‘ब’ची तीच रेघ जाड, पेन्सिलीवर हात किती टेकतो यावर शब्द ठरतो. मग बाहेरच्या गोदरेजच्या मशिनवर कार्बन घालून पत्रं टाइप केली. साहेबांनी दोन्ही प्रती उजेडाकडे धरल्या, खाडाखोड नव्हती. ‘सोमवारपासून या.’ मी कोण, माझी बलस्थानं काय, पाच वर्षांनी मी कुठे असेन, कुणी काही विचारलं नाही. माझ्या वतीने शंभर हा आकडा बोलला.

आजच्या मुलीच्या वतीने बोलायला आकडा नाही. स्पीड कुणी विचारत नाही, डिक्टेशन कुणी देत नाही. काम त्या वेळेपेक्षा कितीतरी अवघड झालंय आणि मोजपट्टी काढून घेतली आहे. तेव्हा हल्लीच्या मुलींना बोलता येत नाही असं जे जुने लोक म्हणतात, ते मला मान्य नाही. आम्हाला बोलावंच लागलं नाही.

१२.३०

व्हिडिओवर पुण्याचे गृहस्थ, वय बेचाळीस. पुरुष ई.ए. आता बरेच आहेत. त्यांची अडचण बहुतेक वेळा उलटी असते, वाक्यात ‘मी’ सोडून दुसरं कुणी नसतं.

‘बोर्ड मीच हँडल करायचो, मॅडम.’

‘म्हणजे नक्की काय?’

शेवटी निघालं ते असं. कायद्याने वर्षात बोर्डाच्या किमान चार बैठका, दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नोटीस किमान सात दिवसांची. नऊ संचालक, चार शहरांत. हे गृहस्थ एप्रिलच्या आधीच सगळ्यांच्या असिस्टंटशी बोलून वर्षभराच्या चार तारखा बांधून घ्यायचे आणि तीन वर्षांत एकही तारीख हलली नाही. बैठक घ्यायचे ते कंपनी सेक्रेटरी, इतिवृत्तही त्यांचंच.

‘मग तेच सांगा. तारखा मी बांधल्या, बैठक कंपनी सेक्रेटरींनी घेतली. नऊ माणसांच्या बारा तारखा न हलणं ही लहान गोष्ट नाही. बोर्ड हँडल केलं म्हणालात तर पुढचा प्रश्न अजेंड्यावर येईल आणि तुम्ही पडाल.’

पटलं त्यांना. मग म्हणाले, दुसरं उदाहरण जास्त जोरदार आहे. आणि साहेबांच्या आजारपणाची हकिगत सुरू केली, हॉस्पिटलच्या नावासकट, कोणापासून काय लपवलं त्यासकट.

मी हात वर केला. ‘थांबा. मला ऐकायचं नाही.’

ते ओशाळले. पण हे इथेच व्हायला हवं होतं, तिथे नको. समोरचा साहेब तुमची हकिगत मिटक्या मारत ऐकेल आणि मनात म्हणेल, उद्या माझीही सांगेल. आमच्या कामाचं खरं मोल तोंडाच्या कुलपात आहे, आणि इंटरव्ह्यू म्हणजे तोंड उघडायची जागा. या दोन्हींमधून वाट काढायला शिकवण्याचेच मी पैसे घेते. हकिगतीतलं नाव काढायचं, आजार काढायचा, साल काढायचं, रक्कम असेल तर तीही. उरतो तो सांगाडा. ‘साहेब अचानक तीन आठवडे उपलब्ध नव्हते. मी साठ भेटी पुढे ढकलल्या. कुणालाही कारण सांगितलं नाही आणि कुणाला खोटंही सांगितलं नाही.’ समोरच्याने कारण विचारलं तर हसून म्हणायचं, ते मी तुमच्याबद्दलही सांगणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा लिहून घेतलं.

२.००

जेवण, वीस मिनिटं आडवी. आयुष्य दुसऱ्याच्या कॅलेंडरात गेलं, हा चौकोन माझा. फोन आतल्या खोलीत.

३.००

रंगीत तालीम. मी टेबलाच्या पलीकडे, चष्मा नाकावर. आज दोघी आहेत, एकमेकींच्या उत्तरांना गुण देणार. प्रश्न ठरलेले असतात. ‘तुमची एखादी चूक सांगा’ आला की सगळ्यांचं एकच उत्तर, मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे. हे ऐकून समोरच्याला जांभई येते.

म्हणून मी माझी सांगते. नव्वदच्या दशकात साहेब युरोपला निघाले होते. तिकिटावर तारीख पंधरा, वेळ ००.४०. मी गाडी सांगितली पंधराच्या रात्री नऊची. मुंबईची परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी हाताने लिहिताना डोकं जाग्यावर नव्हतं. पंधराच्या पहाटे विमान गेलं आणि साहेब घरी झोपलेले. सकाळी साडेआठला मी टेलेक्स काढायला बसले आणि तिकिटाची प्रत समोर आली. पोटात गोळा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. साहेबांना फोन करून पहिलं वाक्य बोलले, ‘सर, माझ्या चुकीने तुमचं विमान गेलं.’ दुसरं वाक्य, ‘आज रात्रीच्या विमानात जागा आहे, उद्याच्या दोन भेटी मी संध्याकाळवर घेते आहे.’ ते काही बोलले नाहीत. त्याचाच त्रास जास्त झाला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक तिकिटावर हाताने लिहीत आले: ‘चौदाची रात्र, पंधराची पहाट.’ माझ्या जागी आलेली मुलगीही तसंच लिहिते.

दोघींपैकी धाकटी म्हणाली, ‘मॅडम, ही चूक सांगून तुम्हाला नोकरी मिळाली असती?’ बहुतेक. गाडी चुकवणारी असिस्टंट प्रत्येक साहेबाला भेटलेली असते, ‘माझ्या चुकीने’ असं पहिल्या वाक्यात म्हणणारी क्वचित भेटते. या एका ठिकाणी ‘झालं’ म्हणून सुटायची सोय फार मोहाची असते. तिथेही तेच: कोणी केलं? मी केलं.

४.४५

पगार. आवाज इथेच बसतो. थोरलीला तेरा हवेत, सध्या दहा आहेत. ‘तेरा’ म्हटल्यावर ती लगेच पुढे म्हणाली, ‘पण निगोशिएबल आहे, म्हणजे बारा, अकरासुद्धा…’ समोर कुणी तोंडही उघडलं नव्हतं आणि बाईंनी आठ सेकंदांत दोन लाख परत केले. साहेबांसाठी हॉटेलचा रेट अर्ध्यावर आणताना हीच बाई वाघीण असते.

सराव एकच. आकडा सांगायचा आणि पाण्याचा ग्लास उचलायचा. ग्लास तोंडाशी असला की बोलता येत नाही. सहा वेळा केलं. सहाव्यांदा जमलं. पाणी संपलं.

धाकटीचा प्रश्न आजकाल सगळ्यांचाच आहे: ‘कॅलेंडर तर सॉफ्टवेअरच लावतं, मग तुम्ही कशाला, असं विचारलं तर?’ मी यात खोटा धीर देत नाही. तिकीट, बिलं, मीटिंगची टिपणं, यातलं बरंच यंत्राकडे जाईल, काही गेलंच आहे. ते मान्य करूनच बोलायचं. यंत्राला मोकळा चौकोन सापडतो. तो मोकळाच ठेवायचा आहे हे त्याला कळत नाही. ऑडिट कमिटीतून बाहेर पडल्यावर साहेबांना अर्धा तास कुणी भेटता कामा नये, हे कुठल्या कॅलेंडरात लिहिलेलं असतं? धाकटी म्हणाली, आमच्याकडे ती वेळ ‘फाइल रिव्ह्यू’ म्हणून मीच अडवून ठेवते. सांग मग हेच.

६.४०

बीकेसीचा फोन आला, मागे ट्रेनची घोषणा. दहा दिवस आणि दोन विमानं सांगितली. एच.आर.च्या बाईंनी मान हलवली, पण जुनी ई.ए. शेजारी बसली होती, ती एकदम हसली आणि तिने विचारलं, ‘लॉबीत बसवलेल्याला नंतर फोन कोणी केला?’ ही म्हणाली, मी. गावाहून.

गुरुवारी चारला दुसरी फेरी, साहेबांबरोबर. जुन्या ई.ए.ला आवडलं म्हणजे निम्मं काम झालं. चुकले, तिने केलं.

९.३०

अंधेरीच्या बाईंचा मेल. दहांपैकी आठ गोष्टी आल्या, चांगल्या आहेत. सोबत शिफारसपत्र: ‘मॅडम, हे लावू का?’ कंपनीचं लेटरहेड, खाली साहेबांची सही, मध्ये तीन ओळी. सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल, बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर. असं पत्र तीस वर्षांपूर्वी शिपायालाही मिळायचं.

फोन लावला. ‘सात वर्षांनंतर साहेबांना इतकंच लिहावंसं वाटलं?’

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग हळू आवाजात, ‘ते म्हणाले, तूच ड्राफ्ट कर, मी सही करतो.’

सात वर्षांत ऑफिसातून गेलेल्या प्रत्येकाचं शिफारसपत्र हिनेच लिहिलं होतं. एकाच्या पत्रात तर त्याने वाचवलेल्या गोडाउनच्या भाड्याचा आकडासुद्धा घातला होता, तो तिला अजून पाठ आहे. स्वतःच्या वेळी तीन ओळी.

म्हटलं, परत टाइप कर. मार्चचे मंगळवार घाल, ऑक्टोबरचा आठवडा घाल, सात वर्षं घाल.

‘पण साहेबांना तर ते माहीतच नाही.’

‘आता कळेल. वाचलं तर.’

साडेदहाला नवा मसुदा आला. पाऊण पान. दोन ठिकाणी ‘वॉज डन’ होतं, मी खोडून पाठवलं. सकाळी दहाला सहीला ठेवणार आहे.